आधी मनोरा, मग विद्यापीठ

जून महिना आला की आमच्या घरी ‘सोव्हिएत देश’चे जुने अंक माळ्यावरून खाली यायचे. गुळगुळीत, जाड कागदाचे ते अंक वाचण्यापेक्षा वह्यापुस्तकांना कव्हरे घालण्यासाठीच अधिक उपयोगी पडत. माझ्या पिढीतल्या अनेक वाचकांना ही गोष्ट आठवत असेल. माझ्या भूगोलाच्या पुस्तकाला एका वर्षी जे कव्हर होते त्यावर एका प्रचंड इमारतीचे चित्र होते. मधोमध आभाळात घुसलेला मनोरा, त्यावर निमुळता कळस, कळसावर तारा. दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखे उतरत गेलेले पंख. खाली ओळ होती : मॉस्को विद्यापीठ, लेनिन टेकड्या. आमची शाळा एका वाड्यात भरत असे आणि पावसाळ्यात दोन वर्ग एकत्र बसत. विद्यापीठ म्हणजे काय हे कळण्याआधीच, ते असे दिसते एवढे मात्र मला त्या कव्हराने शिकवले.

पुढे मी नगररचना शिकलो, काही वर्षे शिकवलीही. तेव्हा त्या चित्राने मला दुसरा प्रश्न विचारला आणि तो आजवर सुटलेला नाही. उंच इमारत माणूस बांधतो ती जमीन महाग किंवा अपुरी असते म्हणून. न्यूयॉर्कचे मॅनहॅटन घ्या, नाही तर आपली मुंबई. पण मॉस्कोच्या त्या टेकडीवर जमिनीची टंचाई नव्हती. शहराच्या नैऋत्येला, नदीच्या वळणावर, शेते आणि खेडी असलेला तो मोकळा मुलूख होता. मग विज्ञान शिकवण्यासाठी छत्तीस मजले कशासाठी?

याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते थोडक्यात असे : त्या जागी मनोरा बांधायचा हे आधी ठरले, आणि त्यात विद्यापीठ घालायचे हे नंतर. आधी लगीन कोंढाण्याचे, तसा हा प्रकार. विज्ञान-तंत्रज्ञानासाठी उभारलेल्या, राहण्या-शिकण्या-खेळण्याची सगळी सोय एकाच संकुलात असणाऱ्या उंच इमारतींचा इतिहास लिहायचा झाला तर या उलट्या क्रमाचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आठ पायाचे दगड

१३ जानेवारी १९४७ रोजी सोव्हिएत मंत्रिमंडळाने मॉस्कोत आठ उंच इमारती बांधण्याचा ठराव केला. त्यातली सर्वांत उंच, ३२ मजल्यांची, लेनिन टेकड्यांवर, नदीच्या वळणाच्या मध्यावर उभी राहायची होती. तिचा उपयोगही ठरावात सांगितलेला होता : हॉटेल आणि राहण्याची घरे. विद्यापीठाचा तिथे मागमूसही नव्हता. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला मॉस्कोच्या आठशेव्या वर्धापनदिनी आठही ठिकाणी एकाच वेळी पायाभरणी झाली.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. युद्ध संपून दोन वर्षे झाली होती. देशातले सुमारे अडीच कोटी लोक बेघर झाले होते. १९४६-४७च्या हिवाळ्यात दुष्काळाने लोक मरत होते. मॉस्कोत एकेका खोलीत एकेक कुटुंब आणि पाच-सहा कुटुंबांत एक स्वयंपाकघर हा सर्वसाधारण प्रकार होता. अशा वेळी गगनचुंबी इमारतींचा विचार का सुचावा? निकिता ख्रुश्चेव्हने आपल्या आठवणींत स्टालिनचे म्हणणे नोंदवले आहे. त्याचा आशय असा, की आपण युद्ध जिंकलो, आता परदेशी पाहुणे येतील, मॉस्कोत हिंडतील, त्यांना उंच इमारती दिसल्या नाहीत तर ते त्यांच्या राजधान्यांशी आपली तुलना करतील.

दुसरे कारण शहराच्या नकाशात होते. ख्रिस्त तारणहाराचे भव्य चर्च १९३१ साली पाडून त्या जागी ‘सोव्हिएतांचा प्रासाद’ उभारायचा बेत होता. बोरिस इओफान या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यात त्याची उंची ४१५ मीटर होती. युद्धात त्याच्या सांगाड्याचे पोलाद काढून घेण्यात आले आणि तो प्रासाद कधीच उभा राहिला नाही. पण १९४७ साली तो उभा राहणार असेच गृहीत होते, आणि आठ मनोऱ्यांनी त्याच्याभोवती कडे करायचे होते. म्हणजे टेकडीवरच्या मनोऱ्याचे पहिले काम दिसण्याचे होते. त्याच्या आत कोण राहील हा प्रश्न दुय्यम होता.

हॉटेलचे विद्यापीठ होते

१९४८च्या मार्चमध्ये निर्णय फिरला. टेकडीवरची इमारत मॉस्को विद्यापीठाला देण्यात आली. विद्यापीठाला जागेची गरज नव्हती असे नाही. १७५५ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ क्रेमलिनजवळच्या मोखोवाया रस्त्यावरच्या जुन्या वास्तूंत दाटीवाटीने चालले होते. रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र नेस्मेयानोव्ह तेव्हा कुलगुरू झाले होते. अणुबाँबच्या शर्यतीमुळे विज्ञानाचे महत्त्व राज्यकर्त्यांना एकाएकी कळले होते. गरज खरी होती. तिला मिळालेला आकार मात्र आधीच कापून ठेवलेल्या कापडाचा होता.

आराखड्याचे काम आधी इओफानकडे होते. त्याला इमारत टेकडीच्या अगदी कडेवर, नदीवर झुकल्यासारखी हवी होती. दृश्य म्हणून ते अप्रतिम झाले असते. पण त्या उतारांची माती सरकणारी आहे. इओफान आपला हट्ट सोडेना, तेव्हा त्याला बाजूला करण्यात आले आणि काम लेव रूदनेव्हकडे आले. सेर्गेय चेर्निशोव्ह, पावेल अब्रोसिमोव्ह आणि अलेक्सांद्र ख्र्याकोव्ह हे त्याचे सहकारी. इमारत कडेपासून बरीच आत, पठारावर सरकवण्यात आली.

तिथेही जमीन कठीण खडकाची नव्हती. हा प्रश्न सोडवणारा अभियंता निकोलाय निकितिन. पुढे ओस्तांकिनोचा दूरचित्रवाणी मनोरा उभारणारा तो हाच. त्याने काँक्रीटचा, कप्पे पाडलेल्या पेटीसारखा खोल पाया योजला. खोदून काढलेल्या मातीचे वजन जमिनीवरून उतरते आणि त्या जागी पेटी व इमारतीचे वजन येते. दोन्हींचा मेळ घातला की मऊ जमिनीवरचा नवा भार कमी होतो आणि इमारत एकसंध राहून सावकाश बसते. जहाज पाण्यावर तरंगते त्याच्याशी या कल्पनेचे नाते आहे. तारा धरून २४० मीटर उंचीची, सुमारे ४०,००० टन पोलादी सांगाड्याची ही इमारत सत्तर वर्षांहून अधिक काळ त्या पायावर स्थिर आहे. १९९० साली फ्रँकफुर्टचा मेस्सेटुर्म पूर्ण होईपर्यंत ती युरोपातली सर्वांत उंच इमारत होती. या प्रकल्पातले मला सर्वाधिक आदरणीय वाटणारे काम हेच, आणि ते जमिनीखाली आहे, कोणाला दिसत नाही. वर जे दिसते त्याची गंमत अशी, की कळसावर आणि ताऱ्यावर जे सोने चमकते ते सोने नाही. आतून अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पिवळ्या काचेच्या त्या पट्ट्या आहेत.

कोणते शास्त्र कोणत्या मजल्यावर

आता मनोऱ्यात विज्ञान बसवायचे होते. कोणाला कुठे जागा मिळाली हे पाहिले की मनोऱ्याची मर्यादा आपोआप कळते.

मधल्या मनोऱ्यात खालच्या मजल्यांवर भूगर्भशास्त्र आले, त्याच्या वर कुलगुरूंचे कार्यालय, १२ ते १६ या मजल्यांवर यंत्रशास्त्र व गणित, त्यावर भूगोल, आणि २४व्या मजल्यापासून वर पृथ्वीविज्ञानाचे संग्रहालय. पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र यांना मात्र मनोऱ्यात जागा नाही. त्यांच्यासाठी शेजारी स्वतंत्र, बुटक्या इमारती बांधल्या. त्यापलीकडे वेधशाळा आणि वनस्पती उद्यान.

याचे कारण नगररचनेचा कोणताही विद्यार्थी सांगू शकेल. रसायनाच्या प्रयोगशाळेतले वायू बाहेर काढायचे, जड यंत्रे बसवायची, थरथर चालत नाही अशी उपकरणे ठेवायची, तर जमिनीलगतची इमारत बरी. तेराव्या मजल्यावर सुखाने नांदू शकेल असे शास्त्र एकच, ज्याला फळा आणि खडू पुरतो. ‘विज्ञानाचा मनोरा’ म्हणून ज्याची चित्रे जगभर गेली त्यात राहायला आले ते मुख्यतः गणिती, नकाशे आणि दगडांचे नमुने. ज्या शास्त्रांसाठी एवढा खर्च मांडला असे म्हटले जात होते, ती खाली राहिली. हे अनुमान माझे आहे, पण मजल्यांची यादी समोर ठेवली तर दुसरे अनुमान काढणे कठीण.

आणि जी विद्या या यादीत कुठेच नाही? इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान, कायदा, अर्थशास्त्र हे सारे मोखोवायावरच्या जुन्या इमारतींत मागे राहिले. टेकडीवर त्यांच्यासाठी इमारती उभ्या राहायला आणखी बरीच वर्षे लागली. पत्रकारिता तर आजही जुन्याच जागी आहे. त्यामुळे १९५३ साली टेकडीवर आलेल्या विद्यार्थ्याला रोजच्या वाटेत गणिती भेटत, भूगर्भशास्त्रज्ञ भेटत. इतिहासकार भेटत नसे.

एका छताखालचे गाव

आजच्या भाषेत ज्याला ‘मिश्र वापर’ म्हणतात, म्हणजे एकाच संकुलात काम, घर, दुकान आणि करमणूक, त्याचे हे फार मोठे उदाहरण होते. मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या पंखांत विद्यार्थ्यांसाठी सुमारे पावणेसहा हजार खोल्या आणि प्राध्यापकांसाठी १८४ घरे. सुमारे दीड हजार आसनांचे सभागृह, नाट्यगृह, ग्रंथालय, तरण तलाव, भोजनगृहे, पोस्ट, किराणा, केशकर्तनालय. बाजूच्या मनोऱ्यांवर प्रचंड घड्याळे, शिवाय तापमान आणि हवेचा दाब दाखवणाऱ्या तबकड्या. बाहेर थंडी किती हे पाहायलासुद्धा बाहेर जायला नको.

विद्यार्थ्याची खोली जेमतेम आठ चौरस मीटर. पण ती एकट्याची, आणि दोन खोल्यांत मिळून एक न्हाणीघर व एक शौचालय. ज्या शहरात पाच-सहा कुटुंबे एका नळावर उभी राहत तिथे खेड्यातून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला स्वतःचे दार आणि स्वतःचा दिवा मिळावा, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पुढे त्याच खोल्यांत दोन-दोन खाटा पडल्या, तरी मूळ कल्पनेतली उदारता मान्य केली पाहिजे. आपल्याकडच्या कित्येक वसतिगृहांची रचना करताना आम्ही या खोलीचा नकाशा विद्यार्थ्यांपुढे ठेवीत असू.

मात्र गाव वसवले तरी वाट कोण देणार? १ सप्टेंबर १९५३ला विद्यापीठ सुरू झाले. भुयारी रेल्वेचे ‘विद्यापीठ’ स्थानक उघडले १९५९च्या जानेवारीत. मधली सव्वापाच वर्षे हजारो माणसे बस आणि ट्रॉलीबसच्या भरवशावर होती. आणि स्थानक आले तेही मुख्य दारापाशी नव्हे. मी स्वतः एका ऑक्टोबरात त्या स्थानकावरून चालत गेलो तेव्हा पायऱ्यांपर्यंत पोहोचायला पंधरा मिनिटे लागली, आणि वारा समोरून होता. एवढ्या वेळात मनोरा सतत दिसत राहतो, पण जवळ येत नाही. दुरून पाहण्यासाठी आखलेल्या जागेत पायी चालणाऱ्याचे असेच होते.

बांधणारे हात

या बांधकामाची सूत्रे गृहखात्याकडे होती. प्रमुख होते जनरल अलेक्सांद्र कोमारोव्स्की, ज्यांच्या हाताखाली अणुप्रकल्पांची बांधकामेही झाली. गृहखात्याकडे मजुरांची वानवा नव्हती, कारण श्रमछावण्या त्याच खात्याच्या होत्या. हजारो कैदी टेकडीवर राबले. त्यांची छावणी जवळच्या रामेन्की या खेड्याजवळ होती. वृत्तपत्रांत स्वयंसेवक तरुणांची, नामांकित गवंड्यांची छायाचित्रे येत, आणि तीही माणसे खरीच होती. कैद्यांची छायाचित्रे येत नसत.

१९५२ साली इमारत पूर्ण होत आली तेव्हा काहीशे कैद्यांना, त्यांत स्त्रियाही होत्या, इमारतीतच २४व्या आणि २५व्या मजल्यांवर हलवण्यात आले. कारण हिशेबी होते : रोज ने-आण करायला लागणारे पहारेकरी वाचतात, आणि एवढ्या उंचीवरून पळून जाणार कोण? एका कैद्याने लाकडी फळ्यांचे पंख करून तिथून उडी घेतली आणि तो नदीपलीकडे उतरला अशी दंतकथा मॉस्कोत अनेक वर्षे सांगितली जाई. दंतकथाच ती. पण लोकांना ती सांगावीशी वाटली यात लोकांचे मन कळते.

म्हणजे या विज्ञाननगरीचे पहिले रहिवासी विद्यार्थी नव्हते आणि प्राध्यापकही नव्हते. ज्या मजल्यांपासून आज खनिजांच्या आणि खडकांच्या काचपेट्या सुरू होतात, तिथे आधी माणसे कुलपात होती.

जे आराखड्यात नव्हते

इमारतीचा निर्णय झाला त्याच वर्षी, १९४८च्या जुलैअखेरीस आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सोव्हिएत कृषिविज्ञान अकादमीचे अधिवेशन भरले. त्यात त्रोफीम लिसेंकोने आनुवंशशास्त्र हे भांडवलदारी थोतांड असल्याचे जाहीर केले आणि आपल्याला पक्षाच्या मध्यवर्ती समितीची मान्यता असल्याचेही सांगितले. त्या एका आठवड्याने एक शास्त्र देशातून हद्दपार झाले. मॉस्को विद्यापीठात डार्विनवाद विभागाचे प्रमुख असलेले इव्हान श्मालहाउझेन यांना काढून टाकण्यात आले. जीवशास्त्र शाखेच्या अधिष्ठातापदी आला इसाय प्रेझेंट, लिसेंकोचा सैद्धांतिक उजवा हात. त्याचे शिक्षण जीवशास्त्राचे नव्हते.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. मार्चमध्ये विज्ञानाला मनोरा मिळाला. ऑगस्टमध्ये त्यातले एक दालन आतून बंद झाले. एप्रिल १९४९मध्ये विद्यापीठाच्या इमारतीची समारंभपूर्वक पायाभरणी झाली तेव्हा जीवशास्त्रासाठी प्रशस्त इमारतीचा नकाशा तयार होता. त्यात काय शिकवायचे नाही तेही ठरलेले होते. विद्यापीठासमोरच्या रस्त्यावर थोर रशियन शास्त्रज्ञांचे अर्धपुतळे आहेत. त्यात मेंडेलिएव्ह आहे, पावलोव्ह आहे, आणि ज्याच्या नावाने लिसेंको आपला पंथ चालवीत असे तो बागाईततज्ज्ञ मिचुरिनही आहे. पिकांची मूळ जन्मस्थाने शोधणारा, बियाण्यांचा जगातला एक थोर संग्राहक निकोलाय वाविलोव्ह तिथे नाही. तो १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात मेला होता.

नगररचनाकार आपल्या आराखड्यात जागा मोजतो, वर्दळ मोजतो, पाणी-वीज मोजतो. शंका घेण्याची मोकळीक मोजायला त्याच्याकडे फूटपट्टी नसते. पण विज्ञानाच्या संकुलातली सर्वांत महत्त्वाची सोय तीच असते, आणि ती बांधून मिळत नाही.

मनोऱ्याच्या सावलीत

इथे लेख संपवला तर तो अर्धवट ठरेल. कारण स्टालिन मार्च १९५३मध्ये वारला, सप्टेंबरात दारे उघडली, आणि इमारतीत जी माणसे आली त्यांनी ती आपल्या पद्धतीने वापरली.

कुलगुरू तेव्हा गणितज्ञ इव्हान पेत्रोव्स्की होते. पक्षाचे सदस्य नसलेला हा माणूस १९५१ ते १९७३ अशी बावीस वर्षे त्या पदावर राहिला. १९५४ साली अलेक्सेय ल्यापुनोव्ह यांनी विद्यापीठात सायबरनेटिक्सची चर्चासत्रे सुरू केली. तोवर हा विषय अधिकृत लेखणीने प्रतिगामी ठरवलेला होता. गणितज्ञ सेर्गेय सोबोलेव्ह यांच्या पाठिंब्याने निकोलाय ब्रुसेन्त्सोव्ह यांनी १९५८ साली ‘सेतून’ नावाचा संगणक तयार केला. जगभरचे संगणक शून्य आणि एक या दोन अंकांवर चालत असताना हा उणे एक, शून्य आणि एक अशा तिघांवर चालत असे. नाव ठेवले जवळच्या लहानशा नदीचे. पुढे असे पन्नासेक संगणक बनवण्यात आले. आणि गणिताच्या मजल्यावर दर सोमवारी संध्याकाळी इस्राएल गेल्फान्ड यांचे चर्चासत्र भरत असे. ते विसाव्या शतकातल्या गणिताच्या इतिहासात पोहोचले आहे. फळा आणि खडू पुरणाऱ्या शास्त्राने मनोरा सार्थकी लावला म्हणायचे.

पण त्याच गणित शाखेच्या प्रवेशपरीक्षेत १९७०च्या आणि १९८०च्या दशकांत ज्यू मुलांना वेगळ्या खोलीत बसवून, मुद्दाम न सुटणारे प्रश्न घालून नापास केले जात असे. बेला सुब्बोतोव्स्काया या गणितज्ञ बाईंनी १९७८ पासून काही वर्षे अशा मुलांसाठी खासगी घरांत वर्ग भरवले. त्यालाच पुढे ‘ज्यू लोकविद्यापीठ’ म्हटले गेले. मनोऱ्यात पाच हजारांवर खोल्या होत्या. या मुलांना एखाद्या बिऱ्हाडाची बैठकीची खोली मिळाली. एडवर्ड फ्रेंकेल १९८४ साली असाच नाकारला गेला. तेल आणि वायूच्या संस्थेत त्याने प्रवेश घेतला आणि विद्यापीठातली व्याख्याने ऐकायला तो कुंपणावरून चढून आत जात असे. पुढे १९८९ साली हार्वर्डने त्याला बोलावले. ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे.

वॉर्सा आणि पवई

रूदनेव्हने हाच साचा पुन्हा एकदा वापरला, पोलंडच्या राजधानीत. वॉर्सातला ‘संस्कृती आणि विज्ञान प्रासाद’ १९५५च्या जुलैमध्ये उघडला. २३७ मीटर उंच, आत विज्ञान अकादमी, नाट्यगृहे, चित्रपटगृहे, संग्रहालये, मुलांसाठी तरण तलाव. ती सोव्हिएत देशाने दिलेली भेट होती. भेट नाकारायची सोय नव्हती. वॉर्साच्या लोकांनी तिची पुष्कळ थट्टा केली, पाडून टाकण्याच्या गोष्टीही बोलल्या, आणि २००७ साली तिला वारसावास्तूचा दर्जा दिला.

त्यानंतर मात्र हा अध्याय मिटला. ४ नोव्हेंबर १९५५ रोजी ख्रुश्चेव्हच्या राजवटीने वास्तुरचनेतील ‘अतिरेका’विरुद्ध हुकूम काढला. कळस, नक्षी, पुतळे बंद. साध्या, स्वस्त, झपाट्याने उभ्या राहणाऱ्या घरांवर भर.

या बदलाशी आपला संबंध आहे, तो पवईमुळे. मुंबईची आय.आय.टी. युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने उभी राहिली. यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ तिकडून आले, इथले अध्यापक शिकायला तिकडे गेले. १९५८च्या जुलैमध्ये वरळीला ‘सस्मिरा’च्या इमारतीत शंभर विद्यार्थ्यांवर संस्था सुरू झाली आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईला कोनशिला बसवली. मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी तिथे नेत असे. डोंगर आणि तलावांमधली आडवी पसरलेली संस्था, विभागांना जोडणारा लांबच लांब मार्ग, त्यावरून एकमेकांना ओलांडणारे अभियंते, गणिती आणि पुढे मानव्यविद्येची माणसेही. पवईत सारे आदर्श आहे असे नाही. तरी तिथे विभाग वाढला की शेजारी इमारत वाढते. मनोऱ्यात तसे करता येत नाही. मॉस्कोचे तज्ज्ञ दहा वर्षे आधी आले असते तर तलावाकाठी ताऱ्याचा कळस दिसला असता का, हा प्रश्न विद्यार्थी गमतीने विचारत. मी म्हणे, त्यासाठी नेहरूंचीही संमती लागली असती.

पुन्हा ते कव्हर

हल्ली आपल्याकडे ज्ञाननगरी आणि तंत्रज्ञानाच्या मनोऱ्यांची चित्रे वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. काचेचे उंच सुळके, खाली हिरवळ, हिरवळीवर लॅपटॉप घेऊन बसलेली मुले. अशी संकुले होऊ नयेत असे मी म्हणणार नाही. मॉस्कोच्या त्या आठ चौरस मीटरच्या खोल्यांनी किती जणांचे आयुष्य घडवले हे मला माहीत आहे. मात्र चित्र समोर आले की जुन्या सवयीने मी काही प्रश्न विचारतो. इथे कोण काम करणार हे आधी ठरले की मजले किती हे आधी ठरले? प्रयोगशाळा कुठे आहे? बस कुठे थांबते? बांधणारे मजूर आज रात्री कुठे झोपले आहेत? कोणती विद्या या नकाशात नाही, आणि ती का नाही?

त्या ऑक्टोबरात पायऱ्यांशी पोहोचल्यावर मी बराच वेळ नुसता उभा होतो. जड लाकडी दारे उघडत होती, मिटत होती. मुले ओळखपत्र दाखवून आत जात होती, सिगरेट संपवून कोणी घाईने पळत होता, एक मुलगी दार खांद्याने ढकलून दोन्ही हातांत पुस्तके घेऊन बाहेर आली. तेव्हा मला भूगोलाच्या पुस्तकावरचे ते कव्हर आठवले. त्यात मनोरा होता, तारा होता, आभाळ होते. छायाचित्र इतक्या लांबून घेतलेले होते की दरवाजा त्यात दिसतच नव्हता.